चुडावा केला का?

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी मला जिना उतरून चहावाल्याची माफी मागायला पाठवलं होतं. माझा गुन्हा असा, की मी लिहिलेल्या कोडनं त्या माणसाचा 'अर्धा कप' खाल्ला होता.

नीट सांगते. परभणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, बी-बियाणांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. माणसं पाच. चौघं आम्ही आणि पाचवे सर. सर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते, पण त्यांना दुसरं काही म्हणणं कुणाला सुचत नसे. दर शुक्रवारी दुपारी चारला ऑफिसात 'भांडणाचा तास' भरायचा. आम्ही चौघं, खालचे दुकानदार काका, कोपऱ्यावरचा चहावाला आणि जिन्यात सापडेल तो कुणीही, अशी सात-आठ माणसं हातात मोबाईल घेऊन बसायची. सगळ्यांसमोर एकच कोरं पान उघडलेलं. सर स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटायचे, की सगळ्यांनी एकदम, त्याच एका ओळीत, मनाला येईल ते लिहायचं. जमेल तितकं दुसऱ्याच्या शब्दात घुसायचं. पुन्हा पेला वाजला की थांबायचं. मग सर एकेकाला विचारायचे, "तुमी काय लिवलं होतं? दिसायलंय का बघा." ज्याचं लिहिलेलं गायब झालं असेल, त्याची माफी ज्याचा कोड असेल त्यानं मागायची. ईमेल चालत नसे. समोर उभं राहून.

त्या शुक्रवारी चहावाल्यानं 'अर्धा कप साखर कमी' असं लिहिलं होतं आणि पानावर नुसतं 'साखर कमी' उरलं होतं. हे ध्यानात येईपर्यंत तो बिचारा खाली निघून गेला होता. मी पहिल्या वर्गात पास झालेली इंजिनिअर. पायऱ्या उतरताना माझे कान तापले होते. त्याच्यासमोर उभी राहून म्हणाले, "माझ्यामुळं तुमचे दोन शब्द गेले, माफ करा." तो घाबरला. "काय झालं ताई? चहात काही पडलं का?" मी सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मला बसवून अर्धा कप चहा पाजला. वर खिडकीत सर उभे होते. त्यानंतर कुणाच्याही लिहिलेल्याला हात लावणारी ओळ मी दहादा वाचल्याशिवाय पुढं गेलेली नाही.

माझे वडील बोरीला शेती करतात. मी रोज बोरीहून एसटीनं यायची. पहिल्या महिन्यात त्यांनी मला तीनदा विचारलं, "माय, तुमी तिथं करता तरी काय?" मी सांगितलं, चार माणसं चार गावांत बसून मोबाईलवर एकाच कागदावर लिहितात, एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला लगेच दिसतं, तसली ॲपं असतात.

"ती ॲपं तुमी बनवता."

"नाही. बनवणारे दुसरे. त्यांना लागणारी अवजारं आम्ही बनवतो. चौघांचं लिहिलेलं क्लाउडवर जातं, तिथं एकत्र होतं आणि चौघांकडं परत येतं. त्यात कुणाचं काही सांडू नये, ही सोय आमच्या अवजारात असते. ॲपवाल्यानं ते आपल्या ॲपमध्ये बसवायचं."

वडिलांनी जरा विचार केला. "म्हंजे लोहार. नांगर दुसऱ्याचा, फाळ तुमचा."

हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले, की आठवडाभर फोनवर सगळ्यांना 'आमी लोहार हाव' म्हणून सांगत होते. वडील मात्र खूश नव्हते. त्यांचं म्हणणं, लोहाराला पाटी लागत नाही, पण कंपनीला लागते, आणि आमच्या दारावर पाटी नव्हती. "नाव न्हाई, पाटी न्हाई. उद्या बंद पडली तर लोकाला काय सांगावं, लेक कुठं होती म्हणून?" त्यांचंही चूक नव्हतं. कागदोपत्री कंपनीला काहीतरी नाव होतं, पण सरांच्या तोंडून मी ते एकदाही ऐकलं नाही.

नावाचं सरांना वावडंच होतं. म्हणजे स्वतःच्या नावाचं. आमची नावं ते जिथंतिथं घालायचे. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ती कुणी लिहिली ते असायचं. त्यात आमची चौघांची नावं, त्यांचं नाही. अर्धा कोड त्यांचा होता तरी. एकदा एक स्थानिक पत्रकार आला. सरांनी त्याला तासभर माहिती दिली, दोनदा चहा पाजला, आणि लिहून घेताना फक्त आमची नावं सांगितली. "तुमचं?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, "माझं काय करायलात? मी नुसता कागद पुरवतो." मालकाचं नावच नाही तर बातमी कसली होणार. छापून आली नाही. मला फार वाईट वाटलं, सरांना जराही नाही.

दिसायला सर उंच, काटकुळे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्याच्या खिशात खडूचे तुकडे, त्यामुळं खिशाभोवती कायम पांढरा ढग. त्यांनी ऑफिसची एक भिंत काळी रंगवून घेतली होती. जे काही ठरेल ते त्या भिंतीवर. पण डस्टर नव्हता. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, पुसायचं नाही. दोन महिन्यांत भिंत भरली. सरांनी दुसरी भिंत रंगवली. मग तिसरी. एक दिवस खालचे दुकानदार काका, म्हणजे घरमालकच, वर आले आणि दारातच थांबले. "सर, ही खोली हाय का तवा?"

"पुसायला लागलो तर कळंल कसं, की आपुन काय काय चुकलाव?" सर म्हणाले.

काका म्हणाले, "छत तेवढं सोडा." छत सुटलं, पण थोडक्यात.

आमच्या अवजारातही हाच कायदा होता. पानावरचा शब्द पुसला की तो दिसेनासा होतो, जात नाही. त्याच्या जागी एक खूण राहते आणि मागं जाऊन बघितलं की तो जसाच्या तसा सापडतो. याला कारण आहे. तुम्ही तो शब्द परभणीत पुसलात, पण गंगाखेडच्या माणसाचं नेट गेलेलं असेल तर त्याला ते ठाऊक नाही. तो त्याच शब्दाच्या पुढं आपलं काही लिहितोय. नेट आल्यावर त्याचं लिहिलेलं कुठं लावायचं? म्हणून पुसलेल्याचीही जागा धरून ठेवायची. आणि सरांचा स्वतःपुरता आणखी एक कायदा होता. आपलं आपण पुसावं, दुसऱ्याचं लिहिलेलं कधीही पुसू नये. "त्यो अधिकार आपल्याला कुणी दिला?" असं ते विचारायचे, आणि उत्तराची वाट बघायचे.

ते रोज चुडाव्याहून रेल्वेनं यायचे. तिथं त्यांची थोरली बहीण, आक्का, आणि तिचं कुटुंब. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. "राहूनच गेलं बघा," असं सांगायचे, जणू स्टेशनवर छत्री राहिली. येता-जाता गाडीत मांडीवर लॅपटॉप. गाडी थांबत थांबत यायची, नेट येत-जात राहायचं, आणि सरांचं म्हणणं असं, की जे या गाडीत चालतं ते जगात कुठंही चालतं. त्यातूनच आमच्या ऑफिसातला तो शब्द निघाला. आमच्यापैकी कुणी काही नवं बांधलं, की सर न सांगता उठून नेटची वायर उपसायचे आणि म्हणायचे, "समजा, चुडाव्यात हाव." मग अर्धा तास नेटशिवाय काम करायचं, वायर परत लावायची आणि सगळं जिथल्या तिथं आलं का बघायचं. याला 'चुडावा करणं' म्हणत. "आज चुडावा केला का?" हा दिवसाचा पहिला प्रश्न. कोडमध्येसुद्धा त्या चाचणीचं नाव चुडावाच. आक्काला हे कळलं तेव्हा ती चिडली. "आमच्या गावात नेट चांगलं चालतंय आता. कामून बदनामी करायलास?" पण सरांच्या डोक्यातला चुडावा जुनाच राहिला.

आणि ते 'दम धरा'. अवजार वापरणाऱ्या डेव्हलपरांना अधूनमधून सूचना दिसतात, त्या आम्ही रीतसर इंग्रजीत लिहिल्या होत्या. एक सोडून. एकाच जागी खूप जणांची गर्दी झाली, की आमचं अवजार सांगायचं: 'दम धरा'. सरांनी ते बदलू दिलं नाही. कुठल्याशा लांबच्या देशातून एका डेव्हलपरचं पत्र आलं, की ही कुठल्या प्रकारची चूक आहे? सरांनी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं, की ही चूक नव्हे, हा सल्ला आहे. त्याचं पुन्हा पत्र आलं, की आता आमच्याकडं जेवणाच्या रांगेतही आम्ही हेच म्हणतो.

रागावलेले सर मी एकदाच बघितले. आमच्यातल्या एकानं सुचवलं, की दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर जो शेवटी आला त्याचं ठेवू, सोपं पडेल. सरांनी खडू खाली ठेवला. वीस वर्षं ते हैदराबादला नोकरीत होते. तिथं सहा जण एका फाइलवर काम करायचे आणि जो शेवटी जतन करील त्याचंच उरायचं. एका सहकाऱ्याचं तीन दिवसांचं काम सरांच्या हातून असंच गेलं. सरांना पत्ताही नव्हता. "त्यो माणूस नुसता स्क्रीनकडं बघत बसला. लय वाईट दिसत होता." त्या नोकरीचा राजीनामा त्यांनी वर्षभरानं दिला आणि परत आले, हे अवजार करायला. एवढं सांगून त्यांनी खडू परत उचलला. पाच मिनिटांनी हैदराबादहून कुणाचा फोन आला आणि ते "नक्को भाई, परेशान नक्को हो, मैं हूं ना" करत खिडकीशी गेले, तेव्हा आम्हाला बरं वाटलं.

आता त्या दिवसाचं सांगते.

पुण्याची एक कंपनी होती. गावोगाव फिरून पिकांची पाहणी करणाऱ्या लोकांसाठी ती ॲप बनवायची. दोन महिने त्यांनी आमचं अवजार वापरून बघितलं होतं, आता दोघं जण प्रत्यक्ष बघायला परभणीला येणार होते. आमच्याकडं तोवर लहानसहान गिऱ्हाइकं होती. सरांनी आदल्या दिवशी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं, "उद्याचं झालं तर आपुन इथंच. न्हाई झालं तर ही खोली सोडावी लागंल. तुमी तुमचं बघा, मी प्रत्येकाला चांगली चिठ्ठी लिवून देतो." माझ्या पर्समध्ये पुण्याच्याच दुसऱ्या एका कंपनीचं नेमणुकीचं पत्र होतं. होय की नाही ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. वडील म्हणत होते, घे. मला बोरी सोडायची नव्हती, ती काळी खोली सोडायची नव्हती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

कुठलाही शहाणा माणूस अशा दिवशी घोटून घेतलेला नमुना दाखवतो. सरांनी भाचीची लग्नपत्रिका काढली.

खरी पत्रिका. आक्काच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. आपल्याकडं पत्रिका म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. नावं. निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, आणि सगळ्यात शेवटी घरातली पिल्लं. एक नाव राहिलं तर दहा वर्षं बोलणं बंद. सरांनी वर 'मंगल परिणय' लिहिलं, वधूवरांची नावं लिहिली, निमंत्रकांत आक्का आणि भाऊजी एवढी दोनच लिहिली आणि खाली जागा मोकळी सोडली. मग एकोणचाळीस नातेवाइकांना मोबाईलवर तो कागद पाठवला: चुडावा, गंगाखेड, पूर्णा, नांदेड. ज्याला जे नाव घालावंसं वाटेल त्यानं ते घालावं. आणि मला म्हणाले, "चाळिसावा माणूस मला न ओळखणारा पायजे." मी तो कागद वडिलांना पाठवला. त्यांनी सरांना तोवर बघितलेलंही नव्हतं.

पुण्याहून एक मॅडम आल्या आणि त्यांच्याबरोबर एक तरुण, ज्याला ऑफिसात शिरल्यापासून काळ्या भिंती पचत नव्हत्या. सरांनी त्यांना सांगितलं, "साडेअकरा ते बारा सगळ्यांचा चुडावा." म्हणजे चाळीसही जणांनी मोबाईलवरचं विमानाचं चिन्ह दाबून नेट बंद करायचं, अर्धा तास एकमेकांचं काही न बघता पत्रिकेत लिहायचं, आणि बाराला नेट चालू करायचं. ऐकायला सोपं. सव्वाअकरापासून माझा फोन वाजत होता.

"पोरी, विमान कुठं हाय गं?" आक्का.

"आक्का, वरून खाली बोट ओढा."

"कशाच्या वरून?"

साडेअकराला फोन थांबले. पडद्यावर पत्रिका होती तशी, निपचित. अर्धा तास आम्ही सगळे एका न हलणाऱ्या पानाकडं बघत बसलो. चहा आला. तरुणानं दोनदा घड्याळ बघितलं. सर मात्र मजेत होते, मॅडमना चुडाव्याच्या गाडीचं वेळापत्रक सांगत होते.

बाराला पहिलं नाव पडलं. मग तीन. मग पान एकदम भरायला लागलं. आत्या, मावश्या, जावई, गंगाखेडचे चुलते, नांदेडचे साडू, कुणाची तरी दोन महिन्यांची मुलगी. एकानं मधेच 'जेवणात वांगं ठेवू नका' असंही लिहिलं होतं. मी हातातल्या यादीवर एकेक फोन टिपत होते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. सगळे आले. आमच्यातल्या एकानं टेबलाखाली माझा हात दाबला.

तेवढ्यात तो तरुण पुढं वाकला. "हे काय आहे?"

निमंत्रकांच्या यादीत, आक्का आणि भाऊजींच्या खाली, सरांचं नाव आलं होतं. त्याच्या खाली पुन्हा सरांचं नाव. त्याच्या खाली पुन्हा. त्यानं बोट लावून मोजलं. सतरा ओळी.

"एकच नोंद सतरा वेळा," तो मॅडमना म्हणाला. "एकत्र करताना दुबार होतंय. हा मोठाच दोष आहे."

मी सरांकडं बघितलं. ते पडद्याकडं बघत उभे होते, हातात खडू, तोंड किंचित उघडं.

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही; पर्समधल्या पत्राचाही असेल. मी उठले आणि माऊस हातात घेतला. आमच्या अवजारात ओळीवर टेकलं की ती कुणी, कुठून लिहिली ते दिसतं.

"दुबार नाही," मी म्हणाले. माझा आवाज नको तितका चढला होता. "वाचा ना. ही पहिली ओळ. नावापुढं 'मामा'. चुडाव्याहून, नवरीनं लिहिलीय. ही दुसरी, 'भाऊ', आक्कांनी. ही गंगाखेडहून, 'काका'. ही 'आजोबा', नऊ वर्षांच्या मुलीनं. ही 'साहेब', ही 'मास्तर'. सतरा फोन, सतरा माणसं. सरांनी पत्रिकेत स्वतःचं नाव घातलं नव्हतं. ते कधीच घालत नाहीत. नेट बंद असताना प्रत्येकाला वाटलं, की ह्यांचं राहिलंय, आपणच घालावं. प्रत्येकानं एकेकदाच लिहिलंय. आता यातलं कुणाचं खरं आणि कुणाचं पुसायचं, हे यंत्रानं ठरवायचं का?"

मॅडमनी एकेक ओळ वाचली. शेवटच्या ओळीपाशी थांबल्या. "हिच्यात नाव नाहीये."

त्या ओळीत लिहिलं होतं: 'आमच्या लेकीचे सर. नाव माहीत न्हाई, पण पायजे.' टेकून बघितलं तर बोरी. माझे वडील.

मी माऊस सोडला. तरुण म्हणाला, "ठीक आहे, पण मग एक ठेवून बाकीचे सोळा काढून तरी दाखवा." सर टेबलापाशी आले. कीबोर्डवर हात ठेवला. मग त्यांनी तो काढून घेतला.

"दुसऱ्याचं लिवलेलं मी पुसत न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. खिशातून रुमाल काढायला गेले तर खडूच निघाला.

तरुण काही बोलणार होता. मॅडमनी हात वर केला. "दम धरा," त्या त्याला म्हणाल्या, आणि आम्ही चौघं एकदम हसलो. मग त्यांनी खुर्ची वळवून सरांकडं बघितलं. "आमच्या फिरत्या लोकांचे फॉर्म जातात. बाया दिवसभर उन्हात बांधावरून हिंडतात, भरतात, आणि रेंज आली की भलतंच कुणाचं तरी त्यावर बसतं. फोन करून रडतात. इथे चाळीस लोकांनी अर्धा तास आंधळेपणानं लिहिलं आणि वांग्याचीसुद्धा तक्रार पोचली." त्यांनी पत्रिकेकडं पुन्हा बघितलं. "आम्ही घेतोय हे. दोनच अटी. माहितीपुस्तिका पूर्ण इंग्रजीत हवी. आणि 'दम धरा' काढायचं नाही."

सर खिडकीशी गेले आणि खाली ओरडले, "अहो, दहा चहा! आन् एक अर्धा, साखर कमी!"

त्या संध्याकाळी मी पुण्याला 'नाही' कळवलं आणि वडिलांना फोन केला. म्हटलं, राहिले मी इथंच. आता पाटीचं काय म्हणता? ते म्हणाले, "पाटी ऱ्हाऊ दे. त्यायचं नाव काय ते सांग, म्हंजे माझी वळ पुरी करतो." मी सांगितलं. पाच मिनिटांनी पत्रिकेतली ती ओळ भरली.

पत्रिका तशीच छापायची, असं आक्कानं ठरवलं. सरांनी खूप विनवण्या केल्या. ज्यानं-त्यानं आपापली ओळ पुसावी म्हणून सतराही जणांना फोन केले. एकानंही पुसली नाही. छापणाऱ्यानं आम्हालाच विचारलं, "एकाच नावाचे सतरा पाव्हणे? गाव कोणतं हो हे?" लग्नात सर पत्रिका दिसली की उचलून खिशात घालत होते. सगळ्या काही मावल्या नाहीत. माझे वडील बोरीहून खास कपडे करून आले, सरांना शोधून काढलं, आणि दोघं जेवणाच्या पंगतीत लोहारकामावर तासभर बोलत बसले. जेवणात वांगं नव्हतं.

ऑफिस अजून तिथंच आहे. आता आम्ही अकरा जण आहोत, शेजारची खोलीही घेतली आहे, तिच्या दोन भिंती काळ्या झाल्यात. पाटी नाही ती नाहीच.

हे सगळं मी आमच्याच अवजारावर लिहिलं आणि सरांना वाचायला उघडं करून दिलं. मी बोरीत लिहीत होते आणि ते चुडाव्याच्या गाडीत वाचत होते; त्यांचं निशाण ओळीओळीनं खाली सरकताना मला दिसत होतं. मी त्यांचं नाव अगदी पहिल्या वाक्यात घातलं होतं, पूर्ण, आडनावासकट. तिथं ते निशाण बराच वेळ थांबलं. पुसता आलं असतं, एका बोटाचं काम. त्यांनी हात लावला नाही. बाजूला फक्त लिहिलं, "इंजिनिअर, तेवढं नाव काढता का? तुमचं हाय, तुमीच काढा."

मी फोन केला, भांडले. ते हसत होते. शेवटी काढलं. म्हणून वर सगळीकडं नुसतं 'सर' आहे. पण मी त्यांच्याच हाताखाली शिकले आहे. ते नाव पुसलंय, गेलेलं नाही. पहिल्या ओळीत, आपली जागा धरून, तिथंच बसलेलं आहे.